उंब्रजचा बोलका फोन

२९ जुलै, नागपंचमी

सुला सकाळच्या एसटीनं शिराळ्याला माहेरी गेली. साखरेचा डबा कुठं, चहाची पूड कुठं, हे जाताना पुन्हा एकदा सांगून गेली. लग्नाला तीस वर्षं होत आली, तरी तिच्या लेखी मी या घरात सुट्टीवरच आलेलो आहे.

दुकानात शुकशुकाट. दोन रिचार्ज झाले. एकानं चार्जरची किंमत विचारली आणि 'नेटवर बघतो' म्हणून गेला, तेही माझ्या तोंडावर. पूर्वी लोक निदान 'घरी विचारून येतो' म्हणायचे.

दुपारी मात्र डोकं ताजं झालं. नवा फोन जाहीर होणार होता, तो कार्यक्रम दुकानातल्या टीव्हीवर लावला आणि शेजारच्या सलूनमधून गुंडाला हाक मारली. फोनचं नाव 'साद'. बाजूला एकच मोठं बटण. ते दाबायचं आणि मराठीत बोलायचं. कुणाचा फोन आला ते तो नाव घेऊन सांगतो. आलेला निरोप मोठ्यानं वाचून दाखवतो. ज्याला वाचता येत नाही, ज्याचा चष्मा सापडत नाही, जिचे हात पिठात आहेत, त्यांच्यासाठी हा फोन.

मी चोवीस वर्षं पलटणीत सिग्नलवर काढली. बर्फात बसलेल्या पोराला घरचा निरोप त्याच्या भाषेत कानावर पडला की त्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलेलं आहे. हा फोन चालणार. मी गुंडाला तसं म्हणालो.

"लय भारी हाय," गुंडा म्हणाला, "पन घेनार कोन?"

"तू घे पहिला."

"मला कशाला? थोरल्याचा जुना हाय की."

गुंडा जन्मात कशाला चांगलं म्हणायचा नाही. दाढी करतानासुद्धा गिऱ्हाइकाला सांगतो, केस लय गेले तुमचे.

३ ऑगस्ट

सांगलीला कंपनीनं दुकानदारांची बैठक ठेवली होती. हॉटेलातला थंडगार हॉल, श्रीखंड-पुरी, आणि प्रत्येकाला एक पिशवी. कंपनीचा आमच्या भागाचा माणूस शंभूराज, वय माझ्या पोरापेक्षा, शिवतेजपेक्षा, दोन-तीन वर्षांनी जास्त असेल. पोरगा बोलायला वाकबगार. 'सामान्य ग्राहक' हा शब्द त्यानं इतक्यांदा वापरला की शेवटी मला तो कुणी ओळखीचा माणूस वाटायला लागला.

माझ्या शेजारी विट्याकडचा एक जुना दुकानदार होता. मी त्याला विचारलं, तुम्ही घेणार ना माल?

"दर साली एक फोन येतो गावाकडच्या मानसासाठी," तो पुरी मोडत म्हणाला. "आपन जेवायचं आन् जायचं."

असल्या माणसांमुळंच आपल्याकडं काही होत नाही. मी उंब्रजसाठी नाव दिलं. शंभूराजनं माझ्याशी फोटो काढला. पाटी कंपनी करून देणार आहे. मी सांगितलं, पाटीवर 'शिवतेज मोबाईल' असं घाला, पोराच्या नावानं.

५ ऑगस्ट

शिवतेजला फोन केला. तो चाकणला, नेटवरून माल विकणाऱ्या एका कंपनीच्या गोडाऊनला आहे. दुसरं वर्ष चालू आहे. दिवसभर खोकी भरतो. त्याच खोक्यांनी माझं दुकान रिकामं केलं, हे मी त्याला एकदा बोललो होतो, तेव्हा तो महिनाभर माझ्याशी धड बोलला नव्हता. आता तसलं काही बोलत नाही.

मागच्या दिवाळीत तो म्हणाला होता, "अण्णा, दुकानात आता काय राहिलंय? रिचार्ज आन् काचा बदलायच्या. काय नवीन आलं तर बघू." आज मी त्याला सांगितलं, नवीन आलंय. दिवाळीपर्यंत सादचा जम बसतो, मग तू ये आणि गल्ल्यावर बस. मी दुरुस्ती बघीन.

"बघू की अण्णा," तो म्हणाला.

नाही म्हणाला नाही. एकुलता एक पोरगा परत घरात येणार असेल तर मी असले दहा फोन विकून दाखवीन. संध्याकाळी कराडहून एक फिरती खुर्ची आणली, त्याच्यासाठी. वरचं प्लॅस्टिक काढलेलं नाही. त्यानंच काढावं.

१२ ऑगस्ट

सुलाचा फोन म्हणजे माझाच पाच वर्षांपूर्वीचा. काच तडकलेली आहे, ती चालते. पण त्याचा स्पीकर मेलाय. रिंग वाजत नाही, नुसता थरथरतो, म्हणून ती तो कमरेला खोचून ठेवते. बोलायचं तर कानाला घट्ट लावावा लागतो. मोबाईलवाल्याची बायको आणि फोन हा असा, गाव काय म्हणेल? मी म्हणालो, दे इकडं, नवा स्पीकर बसवून देतो, पाच मिनिटांचं काम.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला ऐकू येतंय."

"मला येत नाही ना. शिवतेज काय म्हणतो ते मला तुझ्याकडून कळतं."

"सांगते की समदं."

आणि खरंच सांगते. जेवला, बरा आहे, काम आहे. ती त्याच्याशी परसात जाऊन पाऊण पाऊण तास बोलते आणि त्यातून एवढंच निघतं. आई-लेकाचं बोलणं असंच पाल्हाळ असायचं.

२८ ऑगस्ट

माल गणपतीच्या आदल्या दिवशी आला. पाटी लागली. काल आणि आज मंडळाच्या मांडवाशेजारी टेबल मांडून साद सगळ्यांना दाखवला. ही गर्दी. दुकानाच्या उद्घाटनालाही एवढी माणसं नव्हती. प्रत्येकाला त्याच्याशी बोलायचं होतं. एकानं पाऊस विचारला, एकानं उसाला तोड कधी येणार ते विचारलं. तेवढं त्याला सांगता आलं नाही, पण ते कारखान्यालाही सांगता येत नाही. 'कवा', 'तवा' म्हटलं की तो गडबडतो आणि 'पुन्हा सांगा' म्हणतो. मी शाळेतल्यासारखं बोललो की बरोबर समजतो.

म्हातारी माणसं तर खुळावली. एक आजी बटण दाबून त्याला म्हणाली, "बाळा, जेवलास का?" सगळे हसले. मी मनात म्हटलं, विकला.

आजी म्हणाली, "लय गोड बोलतंय. पन मला नातवाचा जुना हाय."

तिच्या नातवाला विचारलं, आजीला घेणार का? तो म्हणाला, कॅमेरा किती आहे? गेम चालतो का? घेतला तर मी वापरणार आणि माझा तिला देणार.

दोन दिवसांत एकही गेला नाही. पण लोकांच्या तोंडी नाव झालं. सुरुवातीला एवढंच असतं.

६ सप्टेंबर

आता मला अडचण कुठं आहे ते कळलं. आमच्याकडं फोन वरून खाली येतो. नवा घेणार तो कमावता, म्हणजे पलटणीतला नाही तर पुण्यातला. त्याचा जुना बापाला, बापाचा जुना आईला. बाईच्या हातात येईपर्यंत त्याची काच गेलेली असते, बॅटरी गेलेली असते आणि आवाज गेलेला असतो. आणि हा फोन केलाय नेमका तिच्यासाठी. कंपनीतल्या शहाण्यांना हे कुणी सांगितलंच नसणार.

म्हणजे खालच्या पायरीवरच्या माणसाला पहिल्यांदा नवा फोन घ्यायला लावायचा. एकदा एकानं घेतला की बाकीचे लाजेकाजेस्तव घेतील. सुलाला हे सगळं समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. तेवढ्यात कमरेला तिचा फोन थरथरला आणि ती पिठाचे हात तसेच घेऊन परसात गेली.

१० सप्टेंबर

पहिला साद विकला. आमच्या गल्लीतल्या राहीबाईचा पोरगा वीरधवल पलटणीतून सुट्टीवर आला होता, उद्या ड्युटीवर परत. मी त्याला फौजीभाईच्या नात्यानं चांगला पकडला. म्हटलं, पोस्टवरून बायकोला निरोप टाकतोस, ती चुलीपुढं असते, तिला कळेपर्यंत रात्र होते. हा घे पूजाला. तू लिहिशील ते तिला त्याच क्षणी ऐकू येईल.

त्याला पटलं. पूजा दुकानाबाहेर उभी होती, तिला आत बोलावून त्यानं खोकं तिच्या हातात दिलं. पोरगी लाल झाली. नवं खोकं तिनं जन्मात पहिल्यांदा फोडलं असेल. मला फार बरं वाटलं.

शिवतेजला कळवलं. 'छान' असा शब्द आणि अंगठा आला.

२२ सप्टेंबर

आज राहीबाई तरातरा दुकानात आली आणि पदरातून फोन काढून काउंटरवर ठेवला.

"ह्यो घ्या तुमचा. असला चहाडखोर माझ्या घरात नगं."

झालं होतं असं. पूजा पीठ मळत होती. राहीबाई आणि शेजारच्या दोघी सोप्यात शेंगा फोडत बसलेल्या. वीरधवलचा निरोप आला आणि सादनं तो खणखणीत वाचला. 'क्वार्टरसाठी अर्ज केला आहे. मिळालं की तुला इकडे घेऊन येतो. आईला इतक्यात सांगू नको.'

"चार बायांम्होरं कळलं मला," राहीबाई म्हणाली. "पोटच्या पोराचं. त्यापरास त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं आसतं तर मी काय त्येला बांधून घातला आसता व्हय?" एवढं म्हणून ती रडायला लागली. मी पाणी दिलं. म्हणालो की फोनचा यात काही दोष नाही, निरोप स्पष्ट वाचला गेला.

पैसे परत दिले. काय करणार, राहीबाईचा गावात शब्द चालतो.

घरी सुलाला हे सांगितलं. म्हटलं, पोरगा तरी कसला, आईपासून लपवाछपवी. आपला शिवतेज असं कधी करणार नाही. जे आहे ते तोंडावर बोलतो.

सुलानं माझं ताट वाढलं. मग म्हणाली, "त्या फोनचा आवाज बंद करता येत न्हाई व्हय?"

"येतो. पण मग तो घ्यायचा कशाला?"

"पूजाचं काय झालं?"

ते मी विचारलंच नव्हतं.

२ ऑक्टोबर, दसरा

मुहूर्ताला कुणीही नाही. पूजा केली, खोक्यांना हळद-कुंकू लावलं, आपट्याची पानं वाटली. संध्याकाळी गुंडा सोनं द्यायला आला आणि शिवतेजच्या खुर्चीत बसायला गेला. मी त्याला स्टूल दिलं.

"नाना, रागावू नगंस," तो म्हणाला. "माझ्या खुर्चीत बसून मानूस काय बोलतंय ते मी रोज ऐकतो. लोकांना फोन आवडलाय. पन घरात धा मानसं. बोलायची गोष्ट एकाची, ऐकनार धा. कुनाच्या घरात झाकायचं काय नसतंय रं?"

"माझ्या घरात नाही," मी म्हणालो.

गुंडा पानं खिशात घालून गेला. 

९ ऑक्टोबर

शंभूराज आला. तीन आठवडे फोन उचलत नव्हता. बूट धुळीनं भरलेले, चेहरा उतरलेला. चहा घेतला. म्हणाला, सगळीकडं हीच तऱ्हा आहे काका. राहीबाईसारख्या तक्रारी ढिगानं आल्या, म्हणून कंपनीनं फोनमध्ये सुधारणा पाठवली आहे. आता साद निरोप एकदम वाचत नाही, आधी विचारतो. हो म्हटलं तरच वाचतो.

"बैल गेल्यावर दावं," मी म्हणालो.

"सामान्य ग्राहकाची अजून तयारी नाही," तो म्हणाला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, की त्यानं दुसरीकडं अर्ज केलाय. त्याच्या घरी कोण कोण आहे म्हणून मी विचारलं. म्हणाला, आई आहे, गावाला. तिला कुठला फोन आहे? तो हसला. "माझा जुना."

जाताना त्यानं माझे दोन्ही हात धरले. मी खोकी परत न्या म्हणालो तर म्हणाला, ते आता माझ्या हातात नाही.

१५ ऑक्टोबर

शिवतेजनं स्वतःहून फोन केला. मी खूश होऊन उभाच राहिलो. म्हणाला, "अण्णा, आमच्या गोडाऊनला साद आलाय. निम्म्या किमतीला लावलाय, तरी कोपऱ्यात पडून हाय. तुमी आता त्येच्या मागं लागू नका. तब्येतीला जपा."

मी म्हणालो, ते राहू दे, दिवाळीला येतोस ना?

"दिवाळीत इथं लय काम असतंय अण्णा. सुट्टी न्हाई देत. बघू."

पूर्वी या 'बघू'चा अर्थ मला नीट लागायचा.

१९ ऑक्टोबर

दिवाळीचं घरातलं सगळं झालं. सुलानं शिवतेजला आवडतात म्हणून शेव आणि करंज्या केल्या, पण यंदा तिनं त्याचा वेगळा डबा काढून ठेवला नाही. मी विचारलं, डबा भरला नाहीस? म्हणाली, चाकणला कुरियरनं धाडलाय, चार दिवस झाले.

येणारा माणूस असेल तर कुरियर कशाला? मी हे तिला विचारलं नाही. दुकानात आलो आणि नुसता बसून राहिलो. फार उदास वाटतंय. हे लिहितानाही वाटतंय.

२२ ऑक्टोबर, पाडवा

शिवतेज आला नाही.

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. पाडव्याला बायको ओवाळते, नवरा ताटात काही घालतो. दरवर्षी साडी असते. यंदा मी साद घातला. दुकानात पडून आहे म्हणून नव्हे. सहा सप्टेंबरचं माझंच पान काल वाचलं, त्यात बाईच्या हातातला आवाज गेलेला फोन असं मी ऐटीत लिहिलंय. तो फोन माझ्याच घरात आहे. गावभर लोकांना सांगत हिंडलो, आईला घ्या, बायकोला घ्या, आणि तीस वर्षांत मी तिला एक नवं खोकं फोडायला दिलं नाही. मला माझीच शरम वाटली.

तिनं खोकं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, पूजासारखी लाल होईल.

"आवं, नगं मला," ती म्हणाली. "माझा बरा हाय."

"सणाच्या दिवशी नको म्हणू नये."

तिच्या कमरेचा फोन मीच काढून घेतला, त्यातलं सिम काढलं, नव्यात घातलं, चालू केला. ती ताट हातात धरून तशीच उभी. निरांजन अजून जळत होतं. म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या, उद्या बघू." मी म्हटलं, उद्या कशाला, एका मिनिटाचं काम आहे. बटणं दाबत होतो. कौतुकानं दाबत होतो.

जरा वेळानं फोनला रेंज आली आणि तो बोलला. स्वच्छ, खणखणीत, घरभर ऐकू जाईल असा.

"शिवतेजचा निरोप आहे. वाचू का?"

मी मान वर केली. सुला माझ्याकडं बघत होती. इतकी वर्षं तिला ओळखतो, पलटणीत निघताना तिला रडताना बघितलंय, पण तिला मी कधी माझ्यासाठी घाबरलेलं बघितलं नव्हतं. तिला माझं भय वाटत नव्हतं. मला काय ऐकावं लागेल याचं वाटत होतं. राहीबाईचा चेहरा माझ्यापुढं आला. परसातले पाऊण पाऊण तास आठवले. ती दुरुस्त करू देत नव्हती तो स्पीकर आठवला.

शिवतेज येणार नाही. या दिवाळीला नाही आणि पुढंही नाही. त्यानं तिकडं घर बघितलं असेल, मुलगी बघितली असेल, आणखी काही असेल. तिला ते कधीपासून माहीत आहे, आणि मी फोन विकत होतो तोवर ती ते एकटीनं कमरेला खोचून हिंडत होती.

"वाचू का?" फोननं पुन्हा विचारलं.

"नको," मी म्हणालो.

उंब्रजात क्वचितच कुणाचं बोलणं त्याला एका झटक्यात कळलं होतं. हे कळलं. "बरं," म्हणाला आणि गप्प झाला.

सुलानं ताट खाली ठेवलं आणि माझ्याशेजारी बसली. "मी सांगनारच व्हते," ती म्हणाली. "दिवाळी झाल्यावर. तुमी एवढी खुर्ची आनलीसा..."  मी तिला, असू दे म्हणालो. मग आम्ही दोघांनी करंज्या खाल्ल्या.

२३ ऑक्टोबर

दुकान उघडलं. एक रिचार्ज, एक काच.

गुंडाला खुर्चीत बसवलं. तो बसण्याआधी मी वरचं प्लॅस्टिक फाडून काढलं.  बराच वेळ बसला.

दुपारी सुलाचं सिम पुन्हा तिच्या जुन्या फोनमध्ये घातलं. काच नवीन बसवून दिली. स्पीकर तसाच राहू दिला.